मोंढा पुलचानो

सोजराबाई ओसरीवर लाल मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या आणि समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केला होता. मोबाईलात नात होती. ऐश्वर्या सरकारी शिष्यवृत्तीवर इटलीत पेरूजा नावाच्या शहरात मातीचं शास्त्र शिकत होती. सोजराबाई त्याला पेरूचं गाव म्हणत. घरातल्या चार पिढ्यांनी शिरड शहापुरात राहून माती उपसली, ती शिकायला एवढ्या लांब काहून जावं लागतं, हा प्रश्न त्यांनी दीड वर्षापूर्वी विचारला होता. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नव्हतं.

"पपा, मम्मी, तुम्ही मे महिन्यात आलात की एक दिवस गाडी भाड्यानं घेऊ," ऐश्वर्या सांगत होती. "पपा चालवतील. सकाळी निघायचं, तीन गावं करायची, संध्याकाळी परत. सगळी डोंगरावरची जुनी गावं आहेत. मोंतेपुलचानो, मोंतालचीनो आणि कोर्तोना."

सोजराबाईंच्या हातातली मिरची थांबली.

"काय म्हनलीस? मोंढा?"

"मोंते, आजी. मोंते म्हणजे डोंगर."

"मोंढा पुलचानो," सोजराबाईंनी नाव तोंडात घोळवून पाहिलं. बराबर बसत होतं. "अन् दुसरा मोंढा आलचानो. म्हंजी दोन मोंढ्याची गावं झाली. मंग बाजाराचा दिवस कोन्ता?"

आता मोंढा म्हणजे काय हे हिंगोली जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. जिथं हळद, सोयाबीन, हरभरा विकायला जातो, जिथं गाड्या लागतात, भाव निघतात, लग्नं जमतात आणि मोडतात, तो मोंढा. सोजराबाईंच्या हिशेबी ज्या गावाला मोंढा आहे ते खरं गाव, आणि त्या गावाला बाजाराच्या दिवसाशिवाय जाणं म्हणजे कुलूप लावलेल्या घराला पाहुणा जाणं. प्रश्न अगदी रास्त होता. पण मोबाईलात नात हसली, बाजूला सून प्रियदर्शनी पदर तोंडाला लावून हसली, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या मिराबाई कपडे वाळत घालता घालता हसल्या. त्यांना तर बोलण्यातलं निम्मंच ऐकू आलं होतं.

"इटलीत मोंढा!" मिराबाई म्हणाल्या. "तूर घेऊन चालल्या का काय सोजराबाई? मपलं बी एक पोतं न्या!"

याच्यावर कडी केली मुलानं. धम्मानंद जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होता आणि घरातही खडू हातात असल्यासारखं बोलायचा. "माय, तू काहून दिवस इचारून राहिलीस? जायचं तं आमाला दोघाला हाय. तू अन् बाबा घरी."

सोजराबाईंनी मिरचीचा देठ खुडला. तो जरा जास्तच जोरात खुडला गेला.

दीड वर्ष झालं, त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता. मोबाईलच्या काचेवरून एकदा फिरवून पाहिला होता. नात निघून गेली आणि कोण्या परक्या बाईचा चकली करतानाचा व्हिडिओ सुरू झाला. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं की पोरगी परत यायची वाट पाहण्यात अर्थ नाही. शिकलेली पोरं परत येतात ती जरा दुसरीच होऊन येतात. तिथं जाऊनच भेटायचं. फक्त हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं, कारण कोणी विचारावं ही त्यांची अपेक्षा होती. कोणी विचारलं नाही.

"मी येनार हाय," त्या म्हणाल्या. "मपला पासपोट काढ."

धम्मानंदनं वडिलांकडे पाहिलं. सटवाजी खाटेवर पडून शेळीच्या दाव्याला गाठ मारत होते. ते म्हणाले, "घेऊन जा रे. मला बी पंधरा दिवस आराम."

पासपोर्टचं काम कागदांपाशी अडलं. आधारवर सोजरबाई होतं, रेशनकार्डावर सोजराबाई आणि मतदार यादीत कोण्या हुशार माणसानं 'सोजर बाई' असे दोन तुकडे केले होते. म्हणजे तीन बायका होत्या आणि तिघींचा नवरा एकच. सटवाजींना हे ऐकून थोडा अभिमान वाटला. वकिलानं सांगितलं, प्रतिज्ञापत्र करा आणि पेपरात जाहिरात द्या. जाहिरात आली: "मी सोजरबाई सटवाजी खिल्लारे यापुढे सोजराबाई सटवाजी खिल्लारे या नावाने ओळखली जाईन."

सकाळी सातपासून फोन सुरू झाले. कळमनुरीची नणंद विचारत होती, घरात वाटण्या झाल्या का? नांदेडचा भाचा विचारत होता, आत्या, काही कोर्टाचं लफडं हाय का? माळवाडीचा धाकटा भाऊ जळबा तर रडत होता. "अक्का, नाव कामून बदललं? माहेरचं तं काही तोडलं न्हाईस ना?" साऱ्या आयुष्यात सोजराबाईंचं नाव एकदाच छापून आलं, ते असं. गावातली पोरंटोरं रस्त्यात "यापुढे सोजराबाई" म्हणू लागली. त्या त्यांना यापुढे कोणत्या नावानं ओळखलं जाईल ते सांगू लागल्या, आणि ती नावं पेपरात छापण्यासारखी नव्हती.

सहीचं आणखी वेगळं. सोजराबाई दुसरी इयत्ता अर्धी शिकल्या होत्या. पुढची अर्धी धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गेली. पण अंगठा लावायचा नाही, ही त्यांची प्रतिज्ञा होती. त्यांच्या आईनं जन्मभर अंगठा लावला होता आणि प्रत्येक वेळी कारकून तिच्याकडे न पाहता शाईची डबी सरकवायचा. म्हणून त्या पंधरा दिवस जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं सही गिरवत बसल्या. 'सोजरा' छान यायचं. 'बाई' पाशी कागद संपायचा.

पासपोर्टच्या कचेरीत त्यांनी मान ताठ ठेवून सही केली. कागदावर 'बाई'सकट मावली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून. तेवढ्यात समोरची पोरगी म्हणाली, "आजी, आता या काचेवर बोटं ठेवा. अंगठेसुद्धा."

"सही केली की!"

"सगळ्यांचेच घेतात आजी."

"शिकलेल्याचे बी?"

"कलेक्टरांचे बी."

सोजराबाईंनी बोटं ठेवली. मशीन लाल झालं. पुसून ठेवली, पुन्हा लाल. पोरीनं हाताला मलम लावलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा लाल. पन्नास वर्षं कापूस वेचून, हळद खांदून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. मशीनला तिथं कोणी सापडत नव्हतं. धम्मानंद मागं उभा राहून घड्याळ पाहत होता. त्यानं पहिल्यांदाच आईची बोटं नीट पाहिली आणि घड्याळ पाहायचं थांबवलं. सातव्या वेळी मशीन हिरवं झालं.

"दाबून धरलं," सोजराबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "त्याला बी समजलं असंल, ही काही उठत न्हाई."

पुढं व्हिसालाही हेच झालं. तिथं त्यांनी आधीच सांगून टाकलं, बाई, मपल्याला सात वेळा लागतेत, घाई करू नका.

पण धम्मानंद अजून पुरता विरघळला नव्हता. व्हिसा येवो, पेरूजापर्यंत येवो, पण सहलीच्या दिवशी आईनं ऐश्वर्याच्या घरमालकिणीपाशी बसावं, असं त्याचं मत होतं. कारण त्या गावांची एक गंमत ऐश्वर्यानं सांगितली होती. वेशीच्या आत परक्याची गाडी चालत नाही. कॅमेरे लावलेले असतात. गाडी खाली उभी करायची आणि वर चालत चढायचं. "एका दिवसात तीन डोंगर, माय. तुहा गुडघा?"

"मपल्या गुडघ्याची चिंता मपल्याला. आपुन इथं तालीम करू. तुह्या कागदावर हाय तसंच. वेळ बी तीच. तीन गावं, खाली गाडी, वर चालत. सहाच्या आत घरी. जमलं तं मी येते. न्हाई जमलं तं पासपोट पेटीत ठेवते अन् पुन्हा नाव काढत न्हाई."

धम्मानंदनं हे लिहून घेतलं. गुरुजी माणूस.

तालीम म्हटल्यावर तज्ज्ञ आलेच. गावातले रूपसिंग एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यापासून सगळ्या गावाच्या गाड्यांना तोंडानंच ब्रेक लावत असत. ते म्हणाले, "वहिनी, तिकडं समदं उलटं असतंय. गाडी उजव्या अंगानं. मास्तरला आधी उजव्या अंगाची सवय लावा. न्हाईतर मोंढा राहील दूर, दवाखाना बघून याल."

पण उजव्या बाजूनं गाडी चालवायची कुठं? हमरस्त्यावर चालवली तर सवय लागायच्या आधीच माणूस जाईल. सोजराबाईंना लगेच सुचलं. तिथं मोंढा, मग इथं मोंढाच. तालुक्याचा मोंढा सुट्टीच्या दिवशी मोकळा असतो. धम्मानंद आपल्या गाडीच्या स्टिअरिंगवर, रूपसिंग शेजारी, सोजराबाई मागं. धम्मानंद उजवीकडून फेऱ्या मारू लागला. रूपसिंग पाय आपटून नसलेला ब्रेक दाबत होते. चार फेऱ्या उत्तम झाल्या. पाचवीला रूपसिंग म्हणाले, "आता रिव्हर्स. उजवं घ्या. उजवं म्हंजी तिकडलं उजवं!" धम्मानंदला तिकडलं आणि इकडलं दोन्ही एकदम आठवलं आणि गाडी सावकाश, अगदी शिस्तीत, संतराम नावाच्या शेतकऱ्याच्या वाळत घातलेल्या हळदीच्या ढिगात जाऊन बसली.

संतरामनं जे तोंड सोडलं ते ऐकण्यासारखं होतं. पण सोजराबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "वरडू नको बाबा. हळद हाय, काच न्हाई. फडं आन, झाडून घेऊ." त्यांनी मास्तराला आणि एसटीच्या माजी ड्रायव्हरला दोन तास हळद गोळा करायला लावली, कांडी अन् कांडी. जाताना संतराम स्वतःच चहा आणायला निघाला होता.

गाडी मात्र पांढरी होती. आता चाकापासून खिडकीपर्यंत पिवळी झाली होती आणि धुतली तसा रंग आणखी पसरला. घरापाशी येताच मिराबाई भिंतीवरून वाकल्या.

"आगं माय! गाडीला हळद लागली? मंग नवरदेव कोन हाय, टॅक्टर का?"

"तुमच्या घरची बैलगाडी रिकामी हाय का इचारायलोत," सोजराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. पण त्या रात्री जेवल्या कमी.

तालमीचा दिवस उजाडला. धम्मानंदनं तक्ता केला होता. नऊला निघणे. पावणेदहाला मोंतेपुलचानो, म्हणजे औंढा. साडेबाराला मोंतालचीनो, म्हणजे कळमनुरी. चारला कोर्तोना, म्हणजे माळवाडी, सोजराबाईंचं माहेर, जे खरोखरच माळाच्या टोकावर बसलं होतं. सहाला घरी. प्रियदर्शनीनं दशम्या आणि ठेचा बांधून घेतला. नवरा-नवरी बसतात तशी सगळी मंडळी पिवळ्या गाडीत बसली.

औंढ्याला गाडी बाहेर लावून चालत निघाले आणि पन्नास पावलांत धम्मानंदचा जुना विद्यार्थी भेटला. त्याचं दुकान होतं. "सर! चहा घेतल्याबिगर जाऊ देत न्हाई." धम्मानंद घड्याळ दाखवू लागला. सोजराबाई तोवर दुकानातल्या बाकावर बसल्या होत्या. "लेकरू चहा म्हनतंय, अन् तू घड्याळ दावतोस? हेच शिकवलं का तू याला?" चहा झाला. मग विद्यार्थ्याची आई आली. मग विद्यार्थ्याच्या आईची बहीण निघाली ती शिरडचीच. दीड वाजला.

कळमनुरीला पोहोचले तेव्हा नेमका बाजाराचा दिवस निघाला आणि मग सोजराबाई कोणाच्या नव्हत्या. त्या माणसांच्या गर्दीत शिरल्या ते दोन तास दिसल्याच नाहीत. धम्मानंद उन्हात तक्ता हातात घेऊन उभा होता. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन जुड्या मेथी आणि डोक्यात अख्खी कळमनुरी होती. कोणत्या बाजूच्या विहिरी आटल्या, हळदीला कोण काय म्हणतंय, नणंदेच्या नातवाची सोयरीक कुठं अडली, मसाल्याच्या दुकानावरच्या म्हातारीचा मुलगा सैन्यातून कधी येतो.

"माय, आपुन गाव बघायला आलो होतो!" धम्मानंद कळवळला. "इथलं जुनं काही बघितलंस का?"

"तू बघितलंस?"

धम्मानंदनं दोन तास फक्त घड्याळ पाहिलं होतं.

माळवाडीच्या पायथ्याशी गाडी लागली तेव्हा सव्वासहा झाले होते. डांबरी रस्ता वर थेट जळबाच्या दारापर्यंत जात होता. धम्मानंद म्हणाला, जाऊ दे, गाडी वर घेऊ. सोजराबाई दार उघडून खाली उतरल्या. "वेशीच्या आत गाडी न्यायची न्हाई. कॅमेरे असतेत." आणि चालू लागल्या. लहानपणी ज्या वाटेनं डोक्यावर पाणी नेलं त्या वाटेनं त्या कोणाचा हात न धरता चढल्या. मागं प्रियदर्शनी दोनदा बसली. धम्मानंद तीनदा. वर जळबा काजळी धरलेल्या कंदिलासारखं तोंड करून उभा होता. "अक्का, तू यापुढे कोन?" त्यानं विचारलं. "तीच," त्या म्हणाल्या, आणि पाणी मागितलं.

धम्मानंद धापा टाकत आला, ओट्यावर बसला, आणि श्वास परत आल्यावर पहिलं काम त्यानं खिशातला कागद काढायचं केलं.

"माय, चढलीस तू. मानलं. पन सहाच्या आत घरी ठरलं होतं. आत्ता सात होऊन राहिले. ठरलं ते ठरलं."

प्रियदर्शनी म्हणाली, "आवो, जाऊ द्या ना!" जळबा म्हणाला, हे काही बराबर न्हाई. सोजराबाईंनी मात्र दोघांनाही हातानं गप्प केलं.

"बराबर हाय त्याचं. शब्द मपला होता."

घरी येऊन त्यांनी पासपोर्ट पेटीत ठेवला, लुगड्यांच्या खाली, आणि पेटीला कुलूप लावलं. आठ दिवस त्या बोलल्या नाहीत असं नाही. बोलल्या, पण सरळ बोलल्या. कोणाला टोचलं नाही, कोणाला शिवी दिली नाही. मिराबाईंनी भिंतीवरून मुद्दाम मोंढ्याचा भाव विचारला, तर "मला काय ठावं" म्हणून आत गेल्या. सटवाजी घाबरले. "हिला दवाखान्यात न्या," ते मुलाला म्हणाले. "ही कोन बाई हाय? हिच्यासंगं मपलं लग्न न्हाई झालेलं." धम्मानंद रोज एकदा पेटीकडे पाहायचा आणि शाळेत जायचा. लिहून घेतलेलं मोडायचं कसं, हे त्याला शिकवलेलं नव्हतं.

नवव्या दिवशी ऐश्वर्याचा फोन आला. तांब्याला टेकवून मोबाईल उभा राहिला. सोजराबाई जरा बाजूला सरकून बसल्या.

"आजी कुठे आहे? आजीला समोर आणा!" पोरगी ओरडत होती. "आजी, मम्मीनं सगळं सांगितलं मला. तुझा तो बाजाराचा प्रश्न मी गंमत म्हणून आमच्या घरमालकिणीला सांगितला. लुचिया नाव तिचं, तुझ्याच वयाची. मला वाटलं हसेल. ती चिडली माझ्यावर! म्हणाली, बरोबर विचारलं तिनं. बाजाराचा दिवस न विचारता जायला निघालात तुम्ही?"

सोजराबाई पुन्हा तांब्यासमोर सरकल्या.

"आठवडी बाजार भरतो आजी तिथे! मोंतेपुलचानोचा गुरुवारी, मोंतालचीनोचा शुक्रवारी, कोर्तोनाचा शनिवारी. लुचिया म्हणते, तीन गावं एका दिवसात करायचा बेत कोण्या मूर्खानं केला?"

बेत कोणी केला हे सर्वांना माहीत होतं. पोरीचं तोंड मोबाईलात लाल झालं आणि धम्मानंद हातातल्या वहीत काहीतरी शोधू लागला.

"ती म्हणते एकच गाव करा, गुरुवारचं. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत तिथेच राहा. आणि ज्या बाईनं बाजाराचा दिवस विचारला तिला घेऊन या. तिला मी वर घेऊन जाते म्हणते, स्वतः येणार आहे आपल्यासोबत."

सोजराबाईंनी मिरची खाली ठेवली. पदरानं हात पुसले. घाई केली नाही.

"काय नाव म्हनलीस बाईचं?"

"लुचिया."

"लुच्याबाई!" सोजराबाई म्हणाल्या. "बाई शहाणी दिसती, पन नाव तेवढं बदलायला पायजे. तिला म्हनावं, पेपरात जाहिरात दे. मी सांगते कशी द्यायची ती."

सटवाजींनी खाटेवर कूस बदलली आणि समाधानानं डोळे मिटले. बायको परत आली होती.

धम्मानंद उठला. तीन गावांचा कागद त्यानं चार घड्या घालून खिशात टाकला, कारण फाडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मग वहीच्या नव्या पानावर तारीख घातली आणि खडूवाल्या आवाजात विचारलं, "माय, तीन गावंच राहिली न्हाईत, म्हंजी ती अट बी राहत न्हाई. लिहून घेऊ का? तू सांग."

"लिही. गुरवार. एकच गाव. गाडी खाली. घड्याळ घरी."

मग त्यांनी कमरेची किल्ली काढून सुनेकडे दिली. "पेटी उघड गं. लुगड्याखाली हाय. अन् धम्मानंद, गाडी उजव्या अंगानं चालवायची, आठवतं का? तिथं हळद न्हाई, पन ढीग कशाचे बी असतेत."

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी राहिली, अजून कडेकडेनं पिवळी. सोजराबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि खांद्याला बाजाराची कापडी पिशवी लावली होती. धम्मानंद म्हणाला होता, पिशवी कशाला, सुटकेस आहे. त्यांनी ऐकलं नव्हतं. रूपसिंग शेवटची सूचना देत होते, जळबा माळवाडीहून आला होता, सटवाजी शेळी घेऊन उभे होते.

भिंतीवरून मिराबाई वाकल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"कुठं निघाल्या सोजराबाई?"

"मोंढ्याला," सोजराबाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. "काही आनायचं का?"

मिराबाई खरंच आठवू लागल्या. सोजराबाईंनी काच खाली केली.

"सांगा, सांगा. पन भाव बघून घेईन. न्हाई पटला तं पुढच्या गुरवारी."